बाबागाडी आणि डिस्नी वर्ल्डचा दिवस

फ्लोरिडातल्या ऑरलँडो शहरालगत पसरलेल्या वॉल्ट डिस्नी वर्ल्डमध्ये बाबागाडी ही चैनीची वस्तू नाही. सुमारे 25 हजार एकरांच्या या आवारात चार थीम पार्क आहेत : मॅजिक किंग्डम (1971), एपकॉट (1982), हॉलिवूड स्टुडिओज (1989) आणि ॲनिमल किंग्डम (1998). एपकॉटमध्ये एका तळ्याभोवती अकरा देशांची दालने मांडलेली आहेत. त्या तळ्याची नुसती एक फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची होते. ॲनिमल किंग्डमचा विस्तार 580 एकरांचा आहे. सकाळी आत शिरलेले कुटुंब रात्री बाहेर पडेपर्यंत दहा-पंधरा किलोमीटर सहज चालते. मोठ्यांच्या पायांचे त्यात तुकडे पडतात, चार वर्षांच्या मुलाचे पाय तर दुपारच्या आतच हार मानतात.

म्हणूनच घरी वर्षभरापूर्वी माळ्यावर टाकलेली बाबागाडी इथे पुन्हा खाली काढावी लागते. अमेरिकेतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे उन्हाळ्यात राहायला आलेल्या आजी-आजोबांना पाच वर्षांचा धडधाकट नातू गाडीत बसलेला पाहून नवल वाटते. त्यांचे म्हणणे चूक नाही, घरच्या बागेपुरते ते खरेच आहे. पण इथे गाडी चालता न येणाऱ्यासाठी नसते, दिवसभर न थकण्यासाठी असते. पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलाला ती न्यावीच. दमलेले मूल शेवटी कुणाच्या तरी खांद्यावर येते, आणि तो खांदा बहुधा आधीच पिशव्यांनी वाकलेला असतो.

आज सगळीकडे दिसणारी हलकी, घडीची गाडी तशी अलीकडची. इंग्लंडमधले ओवेन मॅक्लारेन हे विमानांचे अभियंते. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केले होते. विमान उडाले की चाके पोटात घडी होऊन बसतात, ही त्या सांगाड्याची करामत. हलक्या नळ्यांच्या घडीचे तेच ज्ञान त्यांनी 1965 मध्ये मुलांच्या गाडीसाठी वापरले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, पावणेतीन किलोच्या आसपास वजनाची गाडी तयार केली. थीम पार्कातल्या आईबापांना या शोधाची किंमत दिवसातून निदान चार वेळा कळते.

गाडी निवडताना सगळ्यात आधी पाहायचा तो पार्काचा नियम. 1 मे 2019 पासून डिस्नी वर्ल्डमध्ये 31 इंचांपेक्षा (79 सेंमी) रुंद किंवा 52 इंचांपेक्षा (132 सेंमी) लांब गाडी आत सोडत नाहीत. ओढायच्या किंवा ढकलायच्या चौकोनी छकडेवजा गाड्यांना, ज्यांना अमेरिकेत वॅगन म्हणतात, त्यांना पूर्ण बंदी आहे. एका मुलाची कुठलीही साधी गाडी या मापात आरामात बसते. अडचण येते ती जुळ्यांच्या किंवा पाठोपाठच्या दोन भावंडांच्या गाडीची. शेजारी-शेजारी बसण्याच्या गाड्यांची रुंदी 31 इंचांच्या अगदी कडेला जाते, म्हणून ती घरी टेपने मोजूनच न्यावी, आणि मोजताना चाकाच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजावे. एकामागे एक बसायची गाडी रुंदीला कमी असते, पण गर्दीत वळवताना तिचा पल्ला मोठा लागतो. दोन मुलांपैकी एक चार-पाच वर्षांचे असेल तर शेजारी-शेजारीची गाडी बरी, कारण मोठ्याला आपले आपण चढता-उतरता येते.

चाकांचा विचार कुणी फारसा करत नाही, पण तो करायला हवा. मॅजिक किंग्डमच्या मेन स्ट्रीटवर घोड्यांच्या ट्रामचे रूळ आहेत. छत्रीसारख्या मिटणाऱ्या गाड्यांची पुढची चाके लहान आणि अरुंद असतात. रुळाला समांतर चालवली तर ती खाचेत अडकतात, गाडी एकदम थांबते आणि मागून ढकलणारा तिच्यावर आपटतो. रूळ नेहमी काटकोनात ओलांडावा, पुढची चाके किंचित उचलून. मोठ्या चाकांच्या गाडीला हा त्रास नसतो, पण ती मिटल्यावरही बोजड राहते. हलकेपणा आणि चालण्यातला सुळसुळीतपणा या दोन गोष्टी एका गाडीत पुरेपूर मिळत नाहीत. परदेशातून विमानाने येणाऱ्याने हलकेपणा निवडावा, ऑरलँडोपर्यंत स्वतःची मोटार घेऊन येणाऱ्याने चाके.

गाडीच्या दांडीला पिशव्या अडकवण्याची सवय मात्र सगळ्यांनाच असते आणि ती धोक्याची आहे. मूल आत बसलेले असते तोवर त्याचे वजन पुढे असते आणि तोल राहतो. मूल उतरले की पुढचे वजन एकदम जाते, दांडीवरच्या पिशव्यांचा भार मागच्या चाकांच्याही मागे पडतो आणि गाडी उलटी कोसळते. दुसरे मूल आत झोपलेले असेल तर त्याच्यासकट. पाण्याच्या बाटल्या, कपडे, डायपर हे सगळे सीटखालच्या जाळीत, जमिनीलगत ठेवावे. वजन जितके खाली, तितकी गाडी स्थिर.

पार्कांच्या प्रवेशद्वारापाशी डिस्नीच्या स्वतःच्या गाड्या भाड्याने मिळतात. त्या कडक प्लॅस्टिकच्या, मजबूत, ढकलायला सोप्या. पण त्यांची पाठ मागे झुकत नाही, त्यामुळे मान न धरणाऱ्या किंवा नुकतेच बसू लागलेल्या बाळाला त्या उपयोगाच्या नाहीत, आणि झोपलेल्या मुलाची मान त्यात एका अंगाला लोंबकळते. एकेरी गाडी 50 पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे 23 किलोपर्यंतच्या मुलासाठी धरलेली असते. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे ती गाडी पार्काबाहेर नेता येत नाही. त्याच दिवशी दुसऱ्या पार्कात गेल्यास पावती दाखवून तिथली दुसरी गाडी घेता येते. मधला प्रवास गाडीविना. ऑरलँडोतल्या स्वतंत्र कंपन्याही चांगल्या, मागे झुकणाऱ्या गाड्या भाड्याने देतात आणि त्या हॉटेलापासून पार्कापर्यंत सगळीकडे आपल्याजवळच राहतात. चार-पाच दिवसांचा मुक्काम असेल तर हाच मार्ग सोयीचा. एकाच दिवसाची भेट आणि मूल चार वर्षांचे, असे असेल तर प्रवेशद्वारावरची प्लॅस्टिकची गाडीही चालून जाते.

भारतातून येणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. मुंबईहून ऑरलँडोला थेट विमान नाही, वाटेत एकदा तरी विमान बदलावे लागते. बहुतेक कंपन्या बाबागाडी विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात आणि तिथे ती सामानात टाकतात. मधल्या विमानतळावर मात्र ती दारातच परत मिळेल असे नाही. कधी ती थेट शेवटच्या मुक्कामी सामानाच्या पट्ट्यावर येते. मधल्या चार-पाच तासांसाठी अंगाला बांधून घ्यायची झोळी किंवा कॅरिअर जवळ असावा. कडेवर झोपलेले मूल घेऊन इमिग्रेशनच्या रांगेत उभे राहणे ही शिक्षा कुणाच्या वाट्याला येऊ नये.

आवारातल्या आवारातसुद्धा प्रवास कमी नाही. मॅजिक किंग्डमला स्वतःच्या मोटारीने आलेल्याला थेट दारापाशी जाताच येत नाही. मोटार मोठ्या वाहनतळावर ठेवायची, तिथून फेरीबोटीने सेव्हन सीज लगून हे तळे ओलांडायचे किंवा मोनोरेलने त्याला वळसा घालायचा आणि मग पार्काचे फाटक. फेरीबोटीत आणि मोनोरेलमध्ये गाडी उघडीच ढकलत नेता येते. 2019 मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर या रोपवेच्या पाळण्यातही, मापात बसत असेल तर, मूल न उठवता गाडी आत घेता येते. बसमध्ये आणि वाहनतळावरच्या ट्राममध्ये मात्र गाडी मिटवावी लागेल असे धरूनच चालावे. म्हणजे मूल बाहेर, खालची जाळी रिकामी, पिशव्या खांद्यावर, गाडीची घडी, आणि मागे माणसांची रांग. एका हाताने आणि एका पायाने मिटणारी गाडी असेल तर हे वीस सेकंदांचे काम. नसेल तर घरातल्या फरशीवर दहा वेळा सराव करूनच निघावे. दोन मोठी माणसे असतील तर कामे आधीच वाटून घ्यावीत, एकाने फक्त मूल सांभाळायचे आणि दुसऱ्याने फक्त गाडी.

पार्कात फिरताना गाडी सगळीकडे चालते. उतार, रुंद दारे, पायऱ्यांना पर्याय हे सगळे मुळात चाकाच्या खुर्चीसाठी आहे. अमेरिकेत 1990 मध्ये अपंगांच्या हक्कांचा कायदा झाला; त्याच्या निकषांनुसार सार्वजनिक दाराची मोकळी रुंदी किमान 32 इंच लागते. 31 इंचांची गाडी त्यातून जेमतेम जाते. व्हीलचेअरवरच्या माणसासाठी झालेल्या सोयीचा फायदा प्रत्येक तान्ह्या मुलाच्या आईला मिळतो, आणि आपल्याकडच्या बागा, स्टेशने, मंदिरे बांधणाऱ्यांनी लक्षात ठेवावी अशी ही गोष्ट आहे.

राइडच्या रांगेत मात्र गाडी नेता येत नाही. प्रत्येक राइडजवळ गाड्या उभ्या करण्याची आखलेली जागा असते. तिथे ती ठेवायची, मूल उचलायचे आणि रांगेत लागायचे. रांग अर्ध्या-पाऊण तासाची असेल तर मूल तेवढा वेळ उभे तरी राहते किंवा कडेवर तरी येते. रांगेचा वेळ मोबाइलवर आधी दिसतो, त्यामुळे तीस मिनिटांच्या वरची रांग मूल खाऊन-पिऊन ताजे असतानाच धरावी. बाहेर येऊन पाहावे तर गाडी ठेवल्या जागी नसते. ती चोरीला गेलेली नसते. तिथले कर्मचारी, ज्यांना डिस्नीत कास्ट मेंबर म्हणतात, गाड्या सतत सरकवून ओळीत लावत असतात, नाहीतर वाटच बंद होईल. म्हणून चाकांना कुलूप घालून गाडी जखडून ठेवू नये. शेकडो सारख्याच काळ्या-करड्या गाड्यांत आपली ओळखायची तर तिला खूण हवी. दांडीला बांधलेली भडक रंगाची ओढणी किंवा बांधणीचा रुमाल लांबूनही दिसतो. पासपोर्ट, पैसे, फोन, औषधे गाडीत ठेवू नयेत. ओले टॉवेल, डायपर, खाऊ ठेवायला हरकत नाही. आकाश भरून आलेले असेल तर राइडमध्ये शिरण्याआधीच गाडीवर पावसाचे कव्हर चढवून जावे.

ज्या मुलांना गर्दी, गोंगाट किंवा रांगेतली ढकलाढकली सोसत नाही, किंवा चालण्याचा खराखुरा त्रास आहे, त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे. गेस्ट रिलेशन्स कक्षात जाऊन गरज समजावून सांगितली की गाडीला एक पट्टी लावून देतात आणि ती गाडी व्हीलचेअर म्हणून रांगेत नेता येते. स्वमग्न मुलांच्या पालकांपैकी अनेकांना ही सोय ठाऊक नसते. मागायला संकोच करू नये, ती त्यांच्यासाठीच आहे.

वॉल्ट डिस्नी आपल्या दोन मुलींना शनिवार-रविवारी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कातल्या मेरी-गो-राउंडवर घेऊन जात आणि स्वतः बाकावर बसून राहत. आईबाप आणि मुले यांनी एकत्र मजा करावी अशी जागा हवी, हा विचार त्या बाकावर सुचल्याचे ते सांगत. 1955 मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उभे राहिले ते त्यातून. मॅजिक किंग्डममध्ये हा विचार आजही टिकून आहे. डम्बोचा उडता हत्ती, पीटर पॅन, विनी द पू, इट्स अ स्मॉल वर्ल्ड, जंगल क्रूझ, कपबश्यांचे चक्र या कशालाही उंचीची अट नाही. मांडीवरचे बाळसुद्धा बरोबर बसते. म्हणून पाच वर्षांखालील मुलांना घेऊन एकाच पार्कात जायचे असेल तर ते मॅजिक किंग्डमच असावे. एपकॉटमधली फ्रोझन आणि उंदीरमामा रेमीची राइड, हॉलिवूड स्टुडिओजमधली मिकी-मिनीची आगगाडी, ॲनिमल किंग्डममधली सफारी यांनाही उंचीची अट नाही, पण तिथे लहानग्यांच्या राइड मोजक्या आणि त्यांच्यामधली अंतरे लांब.

जिथे उंचीची अट आहे तिथे ती कडक आहे. बार्नस्टॉर्मर या छोट्या कोस्टरला 35 इंच (89 सेंमी), सात बुटक्यांच्या खाणगाडीला 38 इंच (97 सेंमी), स्पेस माउंटन आणि एक्स्पिडिशन एव्हरेस्टला 44 इंच (112 सेंमी), ट्रॉनला 48 इंच (122 सेंमी). दारात मोजपट्टी असते. ही अट मुलाच्या धीटपणावर ठरलेली नाही. मांडीवरचा अडसर किंवा खांद्यावरचा पट्टा ठरावीक आकाराच्या शरीरालाच घट्ट धरतो. त्याहून लहान शरीर वळणावर त्यातून निसटू शकते. म्हणून एका सेंटिमीटरसाठी कर्मचाऱ्याशी हुज्जत घालणे, टाचांखाली काही घालून मूल उंच करणे हे स्वतःच्याच मुलाच्या जिवाशी खेळणे आहे. निघण्याआधी घरी भिंतीशी उभे करून उंची मोजावी आणि कुठे बसता येईल, कुठे नाही, हे मुलाला तिथेच सांगून टाकावे. रांग संपून दारात नकार मिळाला की जे रडे उसळते ते घरी मोजपट्टीने टाळता येते.

उंचीत न बसणारे मूल असले म्हणून आईबापांपैकी एकाला कायमचे बाहेर बसावे लागत नाही. रायडर स्विच नावाची व्यवस्था आहे. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगायचे. एक जण रांगेतून जाऊन येतो, दुसरा मुलाजवळ थांबतो. पहिला आला की दुसऱ्याला लांब रांग पुन्हा न लावता आत सोडतात. मोठे भावंड असेल तर त्याला बहुधा दोघांबरोबरही बसायला मिळते आणि त्या दिवसाचा खरा विजेता तेच ठरते. सात वर्षांखालील मुलाबरोबर राइडमध्ये किमान चौदा वर्षांचे कुणीतरी लागते, एवढे मात्र लक्षात ठेवावे.

तिकिटाचा हिशेब वयावर आहे. तीन वर्षांखालील मुलाला तिकीट लागत नाही, तीन ते नऊ वर्षांचे बालतिकीट, दहाव्या वर्षापासून मोठ्यांचे. भारतातल्या बऱ्याच पार्कांत तिकीट उंचीवर ठरते, त्या सवयीने इथे गल्लत होते. इथे उंची राइडसाठी आणि वय तिकिटासाठी.

दिवसाची आखणी राइडच्या यादीवरून करण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण ती मुलाच्या झोपेवरून आणि फ्लोरिडाच्या उन्हावरून करावी. जून ते सप्टेंबर दुपारचे तापमान 32-33 अंशांवर असते आणि हवा मुंबईसारखी दमट. काँक्रीट आणि डांबर तापून वर फेकत असलेली उष्णता गाडीतल्या मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक लागते, कारण त्याची बैठक जमिनीपासून हात-दीड हात अंतरावर असते. तान्ह्या मुलाच्या शरीराच्या मानाने त्वचेचे क्षेत्र मोठे, घाम येण्याची क्षमता कमी. त्यामुळे ते लवकर तापते. ऊन लागू नये म्हणून गाडीवर दुपटे किंवा चादर टाकण्याची पद्धत फार प्रचलित आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. आत हवा खेळत नाही, बाहेर सावलीचा भास आणि आत भट्टी. गाडीचे स्वतःचे टप पुढे ओढावे, सावलीची बाजू धरून चालावे, पाती झाकलेला छोटा पंखा दांडीला लावावा आणि दर थोड्या वेळाने मुलाच्या मानेला हात लावून पाहावा. सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्याला वरचे पाणीही द्यायचे नाही, दूधच अधिक वेळा पाजायचे. मोठ्या मुलांना मात्र तहान लागायची वाट न पाहता पाणी द्यावे. पार्कातल्या काउंटरवरच्या खाद्यगृहांत बर्फाचे साधे पाणी मागितले की पेलाभर फुकट मिळते. डायपर बराच वेळ कोरडा राहिला, तोंड सुकले, मूल मलूल होऊन पडले, तर राइड बाजूला ठेवून ताबडतोब थंड जागा गाठायची आणि प्रथमोपचार केंद्रात दाखवायचे.

उन्हाळ्यात दुपारनंतर जवळजवळ रोज गडगडाट होतो. फ्लोरिडा हे दोन समुद्रांमधले निमुळते जमिनीचे टोक. दिवसा तापलेल्या जमिनीकडे दोन्ही बाजूंनी समुद्रावरचा वारा येतो, मध्यावर दोन्ही भिडतात आणि ढग उभे राहतात. आपल्याकडच्या वळवासारखाच तो पाऊस, तासभर धो-धो आणि मग लख्ख ऊन. विजा चमकू लागल्या की उघड्यावरच्या राइड थांबतात. मुले असलेल्या कुटुंबांना हा पाऊस वेळापत्रक हातात देतो : सकाळी पार्क, दुपारी एकच्या सुमारास हॉटेलवर परत, जेवण आणि झोप, पाचनंतर पुन्हा पार्क. तिकिटाचे पैसे वाया जातील या भीतीने दुपारभर उन्हात तिष्ठणारी कुटुंबे संध्याकाळी एकमेकांवर चिडलेली दिसतात. दोन-तीन तासांची झोप घेऊन आलेले मूल रात्रीपर्यंत आनंदात राहते. हॉटेल फारच लांब असेल तर वातानुकूलित सभागृहातला एखादा लांब कार्यक्रम गाठावा, किंवा पीपलमूव्हरवर बसावे. टुमॉरोलँडच्या डोक्यावरून संथ फिरणाऱ्या त्या गाडीत बाळे हमखास झोपतात.

भारतातून नुकत्याच आलेल्या मुलांच्या बाबतीत तर सकाळ आयतीच हाती येते. उन्हाळ्यात ऑरलँडोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते. पहिले तीन-चार दिवस मुले पहाटे चारला टक्क जागी होतात. त्यांना पुन्हा झोपवण्याचा आटापिटा न करता पार्क उघडण्याआधी फाटकावर पोहोचावे. डिस्नीच्या हॉटेलांत उतरलेल्यांना प्रत्येक पार्कात अर्धा तास आधी सोडतात. त्या पहिल्या दीड-दोन तासांत उन्हाचा ताप नसतो आणि रांगाही लहान असतात. तेवढ्या वेळात जितक्या राइड होतात तितक्या दुपारभरात होत नाहीत. संध्याकाळी सातला मूल गाडीत आडवे होणार हे मात्र गृहीत धरावे.

प्रत्येक पार्कात बेबी केअर सेंटर असते. मॅजिक किंग्डममधले मेन स्ट्रीटच्या टोकाशी, क्रिस्टल पॅलेस या खाद्यगृहाला लागून. तिथे दूध पाजायला शांत, अंधूक उजेडाची खोली, डायपर बदलायच्या पाट्या, उंच खुर्च्या, खाणे गरम करायला मायक्रोवेव्ह, आणि विसरलेच असेल तर विकत घ्यायला डायपर, दुधाची पावडर असे सगळे मिळते. दिवसातून दोनदा तिथे वीस मिनिटे थांबावे. बाहेरचे खाणे आत नेता येते. काचेच्या बरण्यांना बंदी असली तरी बाळाच्या खाण्याच्या छोट्या बाटल्या चालतात. पोळीची गुंडाळी, मऊ भात, थेपले, केळी असे ओळखीच्या चवीचे काही जवळ असले की परक्या खाण्याकडे पाहून तोंड फिरवणाऱ्या मुलाचा दिवस वाचतो.

मूल हरवणे ही सगळ्यांच्या मनातली भीती. गाडीत बसलेले मूल हरवत नाही. हरवते ते गाडीशेजारून चालणारे मोठे भावंड, तेही बहुतेक वेळा मिरवणूक बघताना किंवा दुकानातून बाहेर पडताना. सकाळी हॉटेलातून निघतानाच मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो फोनवर काढून ठेवावा. घाबरलेल्या आईला शर्टाचा रंगसुद्धा आठवत नाही. अमेरिकेत चालणारा फोन नंबर मुलाच्या दंडावर पेनाने लिहावा किंवा मनगटाच्या पट्ट्यावर घालावा. भारतातला नंबर तिथे रोमिंगवर नसेल तर त्याचा उपयोग नाही. मुलाला आईबाबांची पूर्ण नावे पाठ असावीत. 'आई' एवढेच सांगणाऱ्या मुलाला मदत करणे परक्या माणसाला जमत नाही. छातीवर नावाचा पांढरा बिल्ला लावलेल्या कुठल्याही माणसाला गाठायचे, एवढे तीन वर्षांच्या मुलालाही शिकवता येते. सापडलेल्या मुलांना कर्मचारी बेबी केअर सेंटरमध्ये नेतात. म्हणून आईबापांनी शोधत धावण्यापूर्वी जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावे, आणि दोघे असतील तर एकाने मूल दिसेनासे झाले त्याच जागी थांबावे.

रात्री सिंड्रेलाच्या किल्ल्यावर आतषबाजी होते. आवाज मोठा असतो आणि तो गाडीत झोपलेल्या बाळाच्या कानांना सोसवेल असा नसतो. कान झाकणारे मऊ हेडफोन लहान मुलांच्या मापाचे मिळतात. ते नसतील तर किल्ल्यापासून लांब, मेन स्ट्रीटच्या स्टेशनाकडच्या बाजूला उभे राहावे. पुढे उभ्या असलेल्या मोठ्यांनी मुलांना खांद्यावर घेतले की मागच्यांना काही दिसत नाही, तेव्हा शक्य तर मूल कडेवरच ठेवावे. कार्यक्रम संपला की हजारो माणसे त्याच एका रस्त्याने बाहेर पडू लागतात. त्या लोंढ्यात बाबागाडी घालू नये. गाडीतले मूल पुढच्या माणसाच्या कमरेइतक्या उंचीवर असते, मागे वळून न पाहता थांबणाऱ्याला ते दिसत नाही. अर्धा तास बाजूच्या बाकावर थांबावे, मुलाला रात्रीचे कपडे आणि स्वच्छ डायपर तिथेच घालून टाकावा, आणि रस्ता मोकळा झाल्यावर निघावे.

भाड्याची प्लॅस्टिकची गाडी याच वेळी फाटकापाशी परत करावी लागते. तिथून पुढे बोटीची किंवा मोनोरेलची रांग, तळे, वाहनतळ, ट्राम आणि शेवटी मोटार असा जवळजवळ तासाभराचा प्रवास उरलेला असतो, आणि मूल झोपलेले असते. स्वतःची गाडी नेलेल्यांचे मूल मोनोरेलमध्येही झोपलेलेच राहते.